दादरच्या आसपास निवांत बसायला (आणि जेवायला) कुठे जावं?

वऱ्हाडी_ठेचा
राम राम मंडळी.

अमरावतीहून मुंबईला बदली झाली आहे. ऑफिस परळला, मुक्काम तूर्तास भायखळ्याला मावशीकडे. कॉलेजातला आमचा सात जणांचा कंपू योगायोगाने सगळाच मुंबईच्या आसपास आहे, फक्त कोणीही कोणाच्या जवळ नाही. एक वसईला, एक मीरा रोडला, एक डोंबिवलीला, एक पनवेलला आणि दोघी ठाण्याला. सगळ्यांनी एकदा बसायचं ठरतंय. दोघं घेत नाहीत, एक जण शाकाहारी, आणि एकाला ताटात मासा नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही. कोणाच्या घरी नको. मावशीकडे तर नकोच नको.

अपेक्षा फार नाहीत. समोरचा काय बोलतोय ते ऐकू यावं, एका पेगला पाचशे रुपये मोजावे लागू नयेत आणि दुसरा राउंड संपल्यासंपल्या वेटरने बडीशेपेची वाटी पुढे सरकवू नये. ऑफिसातली पोरं लोअर परळच्या मायक्रोब्रुअरीची नावं सांगतात. एकदा गेलोही. गाण्यांचा एवढा दणका की शेजारच्याला काय घेणार हे व्हॉट्सॲपवर विचारावं लागलं.

दादर सगळ्यांना मधे पडतं म्हणून दादरच्या आसपासचं सांगा. नुसतं खाण्याचं ठिकाण असलं तरी चालेल, ती यादी हवीच आहे. मावशी रोज रोज किती करणार?

फास्ट_लोकल
रुमाल टाकून ठेवतो. उद्या निवांत लिहितो.

निव्वळ_शाकाहारी
नुसत्या खाण्याचं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील. दादर पश्चिमेला सेनाभवनासमोर आस्वाद. थालीपीठ, मिसळ, डाळिंबी उसळ. गोखले रोडला प्रकाश: साबुदाणा वडा आणि त्यावर पीयूष. त्याच रस्त्याला तांबे आरोग्य भुवन. लालबागला लाडू सम्राट, तुमच्या परळच्या ऑफिसातून चालत जाण्यासारखं, कोथिंबीर वडी आणि मिसळ दोन्ही घ्या. यातल्या कुठेही गप्पांचा फड जमवायला जाऊ नका, खाऊन उठायचं. बाहेर माणसं उभी असतात आणि ती तुमच्या ताटाकडे बघत असतात.

मीनल_ठाणे
आस्वादची मिसळ?? गोड लागते हो ती. मिसळ खायची तर ठाण्यात मामलेदार. १९४६ पासून आहे, मामलेदार कचेरीजवळ म्हणून ते नाव. पहिल्यांदा जात असाल तर 'मिडियम' सांगा. फुशारकी मारून तिखट मागवलेले भलेभले पाण्याचा तांब्या शोधताना पाहिलेत.

निव्वळ_शाकाहारी
आस्वादच्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये बक्षीस मिळालंय ताई.

मीनल_ठाणे
लंडनमध्ये मिळालं म्हणूनच म्हणतेय.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, तिखटाची भीती अमरावतीवाल्याला नका घालू :)

गिरणगावकर
पोरांनो, मिसळीवर दुसरा धागा काढा. त्याला 'बसायला' जागा पाहिजे.

ठेचाभाऊ, आधी एक गोष्ट समजून घ्या. दादर मधे पडतं हे नकाशावर खरं आहे. रात्री साडेअकराला दादरच्या फलाटावर उभे राहा आणि मग सांगा. गाडी सीएसएमटीहून किंवा चर्चगेटहून भरून येते, तुम्ही दरवाजात लटकता, आणि पोटात जे काही गेलेलं असतं ते डोंबिवलीपर्यंत सांभाळत न्यायचं. आमच्या वेळी युनियनची माणसंसुद्धा मीटिंग दादरला आणि नंतरचं बसणं फोर्टात, असं करायची. गाडी सुटते तिथे बसावं म्हणजे परतताना खिडकी मिळते.

आणि सध्या जुलै आहे. हिंदमाताला पाणी भरलं की दादर पूर्व आणि परळ दोन्हीकडे अडकाल. त्यात एल्फिन्स्टनचा पूल पाडायला घेतल्यापासून पूर्वेकडून पश्चिमेला जाणं म्हणजे वनवास.

फास्ट_लोकल
काकांना शंभर टक्के अनुमोदन. मी पूर्ण हिशोब मांडतो, नाव उगाच नाही घेतलेलं.

वसई आणि मीरा रोड पश्चिम रेल्वेवर. डोंबिवली, ठाणे मध्य. पनवेल हार्बर. दादरला हार्बर येत नाही, म्हणजे पनवेलवाल्याला रात्री कुर्ल्याला गाडी बदलायची. कुर्ल्याचा तो पूल आणि रात्रीची वेळ, नको रे बाबा. आता धोबीतलाव बघा, मेट्रो सिनेमाचा चौक. तिथून एका बाजूला मरीन लाइन्स स्टेशन, दुसऱ्या बाजूला सीएसएमटी, दोन्हीकडे चालत जाता येतं. पश्चिमवाले मरीन लाइन्सला, आणि खिडकीच हवी असेल तर थोडं पुढे चर्चगेटला. मध्यवाले आणि हार्बरवाला सीएसएमटीला. कोणीही गाडी बदलत नाही. तिन्ही लाइनींना एवढं सरळ पडणारं बसण्याचं ठिकाण मला दुसरं माहीत नाही.

तुम्ही भायखळ्याला, म्हणजे तुम्ही तर काय, टॅक्सीने पण जाल. रिक्षा शोधू नका, सायन-माहीमच्या खाली रिक्षा चालत नाही. नवीन माणूस पहिल्या आठवड्यात हमखास रिक्षा शोधतो.

न्यूजर्सीकर
धोबीतलाव वाचून राहवलं नाही. प्रिन्सेस स्ट्रीटचं सनलाइट अजून आहे का? नव्वदच्या दशकात जवळच कॉलेजला होतो. लेक्चरपेक्षा तिथली हजेरी जास्त भरली असेल. इकडे एका बिअरच्या पैशात तेव्हा अख्ख्या टेबलाचं व्हायचं.

फास्ट_लोकल
आहे. पोरांची गर्दीही तशीच आहे, फक्त आता सगळे मोबाइलमधून वर्गणी करतात.

अबोली
धाग्यात आतापर्यंत सगळे पुरुषच लिहितायत (मीनलताई मिसळीपुरत्या). कंपूत दोघी आहेत ना? मग दोन शब्द माझेही.

परमिट रूममध्ये बाईने जाणं आता नवलाचं राहिलेलं नाही, पण प्रत्येक ठिकाणी खालचा नॉन-एसी भाग आणि वरचा एसी भाग असे दोन वेगळे देश असतात. बहुतेक वेळा वेटर आपल्याला बघितल्याबरोबर न विचारता "फॅमिली ऊपर" म्हणून जिना दाखवतो. वरचं मेनूकार्ड वेगळं असतं आणि दरही चढे. बसण्याआधी विचारा. दुसरं, संडास. ठिकाण ठरवणाऱ्याने आधी एकट्याने जाऊन लेडीज टॉयलेट वेगळं आहे का, आतून कडी लागते का, एवढं बघून यावं. माझ्या ऑफिसच्या ग्रुपने एकदा उपनगरातल्या एका बारमध्ये नेलं होतं. टॉयलेट एकच, किचनमधून वाट, आणि दाराला कडीच्या जागी सुतळी. मी दोन तास ताकसुद्धा प्यायले नाही.

तिसरं म्हणजे बाहेर काळ्या काचा, दारात दोन बाउन्सर आणि पाटीवर 'ऑर्केस्ट्रा' असं दिसलं तर ते तुम्ही शोधताय ते ठिकाण नाही. बाहेरून आलेल्यांची इथे गफलत होते.

वऱ्हाडी_ठेचा
अबोलीताई, हे कोणीच सांगितलं नसतं. कडीचं मी स्वतः जाऊन बघून येतो.

सुरमई
मासेवाल्या मित्राचा वकील म्हणून हजर आहे.

दादर पश्चिमेला गोमांतक, सिंधुदुर्ग, चैतन्य, सचिन. यातल्या कुठल्याही दोन ठिकाणांची तुलना केलीत की मारामारी होते, म्हणून करत नाही. (सिंधुदुर्ग.) वांद्रे पूर्वेला हायवे गोमांतक, सर्व्हिस रोडवर, दुपारी रांग असते. पार्ल्याचं गजाली आता बरंच मोठं झालं आहे, पण तिसऱ्या (शिंपल्या) अजून छान मिळतात. गिरगावात खोताच्या वाडीत अनंताश्रम होतं, ते बंद झालं. तिथे जेवलेली माणसं त्याबद्दल बोलायला लागली की आपण मुकाट्याने ऐकायचं असतं.

पण खरी अडचण वेगळी आहे. जून-जुलैत किनाऱ्यावर मासेमारीबंदी असते. या दिवसांत ताटात येणारी सुरमई बर्फातली किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेली. पापलेटाचं तेच. माहीतगार माणूस या दोन महिन्यांत सुकट, सुका बोंबील, जवळा यावर भागवतो आणि त्यात कमीपणा मानत नाही. चांगल्या खानावळीत वेटरला सरळ विचारा, "आज काय घेऊ?" तो क्षणभर आत बघतो. आत बघितलं आणि मग "कोंबडी वडे घ्या साहेब" म्हणाला तर ते निमूट घ्यायचं. त्याने तुमच्यावर उपकार केलेले असतात.

ओला बोंबील मागवलात तर रव्याचं कवच आधी बोटाने मोडा. आत पांढरा, ओलसर, काट्यापासून आपोआप सुटणारा असेल तर ताजा. आत दोरे दोरे आणि पाणी सुटलेलं असेल तर परत पाठवा, लाजू नका.

उडपी_फिल्टर
माटुंगा कोणी काढलंच नाही अजून? दादरच्या पुढचं स्टेशन आहे हो. रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ पासून, केळीच्या पानावर पोटभर. कॅफे मद्रास, राम आश्रय सकाळी लवकर गाठा. शाकाहारी मित्राला तिकडे सोडून बाकीचे कुठेही जा.

निव्वळ_शाकाहारी
आम्हाला नेहमी कुठेतरी 'सोडून'च का जाता?

कुंदापुरी
इतके दिवस नुसता वाचक होतो, आज लिहितोच. आमचं कुटुंब मूळ कुंदापूरचं. वडिलांचं चेंबूरला परमिट रूम होतं. मी त्या धंद्यात नाही, पण गल्ल्यावर बसून वाढलोय, तेव्हा आतल्या बाजूने थोडं सांगतो.

मुंबईतल्या बारवर शेट्टी नाव इतकं दिसतं त्यामागे मोठी गोष्ट आहे. तुळुनाडूतून, म्हणजे कर्नाटकच्या किनारपट्टीवरून, कोवळ्या वयाची मुलं इथल्या हॉटेलांत कपबशा विसळायला आली. दिवसा काम, रात्री नाइट स्कूल, कानडी माध्यमाची. वेटर, मग कॅप्टन, मग भागीदारी, मग स्वतःचं. दारूबंदीच्या काळात मुंबईत प्यायचं म्हणजे आंटीचा गुत्ता. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही पुस्तकात आहे, तो सैल झाला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना. परवाना असलेल्या माणसाने परवाना असलेल्या खोलीत प्यायची, म्हणून परमिट रूम. कायद्याने आजही तुमच्या खिशात पिण्याचा परवाना असायला हवा. बिअर आणि वाइनला वय २१, बाकीच्याला २५. तुमच्या कंपूला तो प्रश्न नसावा :)

बार चांगला की वाईट हे कळायला वेटर बघा. जिथे केस पिकलेला वेटर आहे तिथे मालक पैसे वेळेवर देतो आणि गिऱ्हाईक परत येतं, एवढं गृहीत धरा. तो पेग मापाने टेबलासमोर ओततो. क्वार्टर सांगितलीत तर सीलबंद बाटली आणून तुमच्यासमोर उघडतो. आतून भरून आणलेला ग्लास टेबलावर आला तर मी उठतो.

चकण्याचंही तसंच. साधे उकडलेले शेंगदाणे कांदा-टोमॅटो-लिंबू मारून, गरम असताना आले पाहिजेत. आमच्याकडे संध्याकाळी पाच वाजता शेंगदाण्याचा कुकर लागायचा, सातच्या आत ते संपले नाहीत तर वडील आचाऱ्यावर चिडायचे. उरलेले दुसऱ्या दिवशी मसाला मारून खपवणारी ठिकाणं असतात, चवीला आंबूस लागतात. चना कोळीवाडा चांगला जमला तर तिथलं तेल ताजं आहे. जेवणातली माझी परीक्षा दाल फ्राय, कारण ती कोणी मुद्दाम चांगली करत नाही.

बिलाबद्दल. दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो. परमिट रूममध्ये तो पाच टक्के होता, नोव्हेंबर २०२३ पासून दहा टक्के झाला. खाण्यावर पाच टक्के जीएसटी वेगळा. म्हणून बिलाचे दोन भाग दिसतात, त्यात फसवणूक नाही. २०२५ मध्ये अबकारी करही चढला आणि १४ जुलैला राज्यभरातल्या बारमालकांनी एक दिवस बंद पाळला होता. आता क्वार्टर महाग का, म्हणून वेटरवर ओरडू नका. सर्व्हिस चार्ज मात्र सक्तीचा नाही. २०२२ ची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. काढून द्या म्हणायचं, आणि तेच पैसे वेटरच्या हातात ठेवायचे.

न्यूजर्सीकर
कुंदापुरी, वेगळा लेख लिहा. हे प्रतिसादात वाया जाऊ देऊ नका.

गिरणगावकर
आमच्या लालबागला गिरण्यांचा संप मोडल्यावर पहिल्यांदा गिऱ्हाईक कमी झालं ते खानावळीचं, बारचं नाही. तिथे उलटंच झालं. हे त्या लेखात येऊ द्या.

वऱ्हाडी_ठेचा
कुंदापुरी, एक भाबडा प्रश्न. कुठल्या वारी गर्दी कमी असते?

कुंदापुरी
मंगळवार, गुरुवार. निम्मी मुंबई त्या दिवशी गणपती नाहीतर साईबाबा नाहीतर दत्ताची असते. मार्गशीर्षातला गुरुवार असेल तर पंखे पुसत बसायचं. शनिवार दोन भागांत असतो, हनुमानवाले येत नाहीत पण बाकी सगळे येतात.

मीनल_ठाणे
गुरुवारी ठाण्याच्या दोघी येतील का ते आधी विचारा हो. शुक्रवारी पोरांच्या शाळा असतात.

वऱ्हाडी_ठेचा
विचारलं. नाही येणार. शनिवारच.

वांद्र्याचा_पिंटो
तुम्ही सगळे साउथ-साउथ करताय, आमच्या बांद्र्याला काय काटे आहेत काय? पाली नाक्याला जनता आहे ना. स्वस्त, मस्त, कॉलेजची पोरं आणि शूटिंगची माणसं एकाच टेबलाला खेटून. टोटोज गॅरेजला बारवर अख्खी बीटल गाडी लटकवलेली आहे, पण तिथे संगीत चालू असतं, तुमच्या अटीत बसत नाही.

फास्ट_लोकल
पिंटोशेठ, जनता झकासच. पण मध्यवाल्यांनी पाली नाक्यावरून रिक्षाने बांद्रा स्टेशन, मग दादर, मग पूल चढून मध्य? दोन पेगनंतर?

वांद्र्याचा_पिंटो
मग दोन पेग कमी घ्या.

अनामिक_मुंबईकर
कुलाब्याला ताजच्या मागे गोकुळ आहे. दर बरे, बाहेर बडेमियाँची शिगडी. आणि मॉन्डेगारला भिंतीवर मारिओ मिरांडांची चित्रं आहेत. पाहुणे आले की मी तिथे नेतो. बिअर एक, चित्रं बघायची, उठायचं. रोजचं ठिकाण नाही ते.

सुरमई
फोर्टातलं कॅफे मिलिटरी कसं विसरलात? इराणी, गुळगुळीत जुन्या खुर्च्या, खिमा आणि थंड बिअर. दुपारी निवांत. संध्याकाळी उशिरापर्यंत बसायला मात्र ते नाही. तुमचा मासेवाला आणि घेणारे दोघं तिघं दुपारीच मोकळे असतील तर याच्यासारखं ठिकाण नाही.

अबोली
आणि न घेणाऱ्यांसाठी? धोबीतलावलाच कयानी आहे, १९०४ पासून. बन मस्का, मावा केक, खिमा पण मिळतो. सगळ्यांनी साडेपाचला तिथे जमावं. ज्यांना उशीर होतो (पनवेलवाल्याला होणार) त्यांची वाट बघायला चहा आणि खारी यापेक्षा बरं काही नाही. गर्दी असली तर मात्र चहा संपला की उठायचं. तिथे तासभर फतकल मारून बसलेला आमचा एक मित्र अजून सांगत असतो की मालकाने नुसतं बघूनच त्याला उठवलं.

हेल्मेट
गंभीर मुद्दा टाकतो, मग तुमचं चालू द्या. गच्चीवरच्या ठिकाणी जाणार असाल तर बाहेर पडायचा दुसरा जिना कुठे आहे ते बघून बसा. २०१७ च्या डिसेंबरात कमला मिल्सच्या आगीत १४ माणसं गेली. गाडीने येणाऱ्याने गाडी घरी ठेवावी. नाकाबंदी असते, आणि नसली तरी.

वऱ्हाडी_ठेचा
सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरतंय:

साडेपाचला कयानी. सात वाजता चालत प्रिन्सेस स्ट्रीट, सनलाइट. परवा ऑफिस सुटल्यावर जाऊन एक बिअर घेतली आणि अबोलीताईंनी सांगितलेलं सगळं तपासून आलो. आवाज आहे, पण माणसांचा आहे. जागा नसेल तर कुलाब्याला गोकुळ. पश्चिमवाले आणि मध्यवाले चौकातून वेगळे होतील. मासेवाल्याला दुपारी मी दादरला गोमांतकमध्ये जेवू घालून आणतो म्हणजे रात्री त्याची कुरकुर नको. रविवारी मेगाब्लॉक असतो म्हणून शनिवार. २५ जुलै. सगळे मोकळे आहेत, दोन महिन्यांत पहिल्यांदा!

निव्वळ_शाकाहारी
२५ जुलै? कॅलेंडर बघितलंत का?

वऱ्हाडी_ठेचा
का? काय झालं?

निव्वळ_शाकाहारी
आषाढी एकादशी आहे.

कुंदापुरी
ड्राय डे. सगळं बंद. वडील त्या दिवशी रंगाचे डबे काढायचे आणि आम्हा भावंडांना खुर्च्यांना पॉलिश मारायला बसवायचे.

मीनल_ठाणे
अरे देवा :D अमरावतीचा माणूस आणि आषाढी विसरला! कौंडण्यपूरची पालखी तिकडूनच जाते ना हो पंढरपूरला?

वऱ्हाडी_ठेचा
मावशीने ऐकलं तर घराबाहेर काढेल. आता? १ ऑगस्ट की ८ ऑगस्ट?

सुरमई
८ घ्या. ३१ जुलैपर्यंत बंदी. बोटी जाऊन येतील, ताजा मासा बाजारात यायला आठवडा द्यायला हवा.

कुंदापुरी
८ अजिबात नको. १२ ला, बुधवारी, दीप अमावस्या. म्हणजे गटारी. बुधवारी कोणाला जमत नाही म्हणून सगळे आदल्या शनिवार-रविवारी उरकतात. ८ तारखेला सात जणांना एका टेबलावर जागा मिळाली तर मला कळवा. वर्षातला सगळ्यात वाईट शनिवार आहे तो, वेटरलासुद्धा पाणी प्यायला मिळत नाही. आणि १३ पासून श्रावण, मग तुमच्यातले अर्धे महिनाभर येणार नाहीत.

सुरमई
म्हणजे १ ऑगस्टला माझ्या अशिलाने बर्फातला मासा खायचा?

गिरणगावकर
सुका बोंबील भाजून देतात की. खा म्हणावं गुपचूप.

वऱ्हाडी_ठेचा
१ ऑगस्ट पक्की. मासेवाल्याला फोन केला, तो म्हणतोय कालवण सुकटीचं असेल तर हरकत नाही, पण दुपारी दोन वेळा भात घेणार. २५ ला शाकाहारीभाऊ म्हणतात तसं मावशीला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा खायला नेतो. तिथे उपासाच्या दिवशी रांग किती असते?

निव्वळ_शाकाहारी
खूप. पाचच्या आत जा. आणि मी 'मावशीला न्या' असं म्हटलेलं नव्हतं, पण न्या.